वड्याचं तेल वांग्यावर

आमच्या मजल्यावरचे चेट्टन अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून २०२४च्या जानेवारीत कायमचे केरळात परतले. शारजातून कुणी असं व्हिसा कॅन्सल करून निघालं की त्या मजल्यावर आठवडाभर वाटप चालतं. कुणाकडे सोफा जातो, कुणाकडे कुंड्या, तर कुणाकडे अर्धं भरलेलं गॅस सिलिंडर. आमच्या वाट्याला माशांची टाकी आली. शंभरेक लिटरची, स्टँडसकट, आणि आत दोन मासे.

चेट्टन त्यांना ‘पल्लत्ती’ म्हणायचे. माशांच्या दुकानात त्यांना ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. अंगाने बोटाएवढे, पिवळेधमक, पोटाखालचे पर काळेभोर. सिक्लिड कुळातले मासे जगभरात शेकड्यांनी आहेत. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांत तर त्यांची जत्राच आहे. भारताचे म्हणावेत असे सिक्लिड मात्र तीनच, आणि पल्लत्ती त्यांतला एक. दुसरा तिचा मोठा भाऊ, ज्याला केरळात करिमीन म्हणतात आणि आमच्याकडे काळुंदर. माझं माहेर तेरेखोलच्या काठावरचं, त्यामुळे खाजणातली काळुंदर मी पाहिली होती, पण ती ताटात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “खावचे सोडून पोसतंस कित्याक?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही.

मी इथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. विषय समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पडद्यांचा. थोडक्यात, खारं पाणी साठेक बार दाबाने एका बारीक पडद्यातून ढकलायचं आणि पलीकडे काय येतं ते बघायचं. माशांच्या वर्तनाशी माझा काही संबंध नाही. नवरा जबल अलीला नोकरीला. अल नहदा ते जबल अली हा प्रवास ज्यांनी सकाळी केला आहे त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. तो साडेसहाला निघतो आणि रात्री आठला पिळलेल्या कपड्यासारखा परत येतो.

पहिले दोन आठवडे टाकी म्हणजे आमचा टीव्ही होता. दोघं मासे एकमेकांसमोर यायचे, पर ताणायचे, अंग थरथरवायचे, शेपटीने एकमेकांकडे पाणी लोटायचे. एक सपाट दगड दोघांनी मिळून तोंडाने खरवडून लख्ख केला. अंडी घालायची तयारी. जेवायला आलेल्या मित्राच्या बायकोने तर “किती गोड, मुका घेतायत!” म्हणून व्हिडिओ काढला. पुढे वाचल्यावर कळलं की सिक्लिडांमध्ये तोंडात तोंड अडकवणं ही बहुतेक वेळा कुस्ती असते. पर ताणणं, शेपटीचा फटका, गालफडं फुगवणं यांचंही तसंच. प्रियाराधनाची आणि भांडणाची भाषा पुष्कळशी एकच आहे. समोरचा त्यावर काय करतो, यावर पुढचं ठरतं. तो पळाला तर पाठलाग, उलटून चावला तर लढाई, आणि जागा न सोडता, चावाही न घेता तेच हावभाव परत केले तर कदाचित जोडी. मादीला शत्रूसारखं उभं राहावं लागतं आणि शत्रूसारखं वागायचं नसतं. हे जमायला वेळ लागतो.

आमच्याकडे ते जमेना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नराने मादीचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली. आधी नुसतं हुसकावणं, मग चावे. तिच्या शेपटीची किनार फाटली. ती फिल्टरच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, अंगाचा रंग उतरवून तिरकी उभी राहू लागली. मी सकाळी उठले की चहाआधी तो कोपरा बघायची.

पीएच.डी. झालेल्या माणसाला एक खोड असते. दुखलं की वाचायला बसतं. पहिल्याच संध्याकाळी मी कोनराड लोरेंझपर्यंत पोचले. १९७३चं नोबेल ज्या तिघांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी मिळालं, त्यातला हा एक. त्याने १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं, आणि गंमत म्हणजे त्यात आमची पल्लत्ती आहे. लोरेंझ सांगतो की या माशांची जोडी टाकीत एकटी ठेवली तर नर शेवटी बायकोवरच उलटतो. उपाय म्हणजे एका मोठ्या टाकीत मध्ये काच घालायची आणि दोन्ही बाजूंना एकेक जोडी ठेवायची. मग प्रत्येक नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढतो आणि आपल्या घरात शांतता. तो असंही लिहितो की एखादा नर बायकोशी उद्धटपणे वागायला लागला की ओळखायचं, मधली काच शेवाळली आहे. काच पुसली की शेजाऱ्यांशी पुन्हा जोरात जुंपते आणि संसार सुरळीत होतो.

मी लॅपटॉप मिटून उठलेच. चेट्टनांच्या घरी अगदी हेच होतं! त्यांच्याकडे दोन टाक्या काचेला काच लावून ठेवलेल्या असत. दुसऱ्या टाकीतली पल्लत्तीची जोडी अजमानच्या त्यांच्या मित्राकडे गेली होती. आमच्या नराचा शत्रू गेला होता. पुढे १९६९ साली ॲन रासा या संशोधिकेने याच माशावर पद्धतशीर प्रयोग केले आणि एकट्या ठेवलेल्या जोड्यांमध्ये आपसातले हल्ले वाढतात असं दाखवलं. याला शास्त्रात भारदस्त नाव आहे. मराठीत आपण वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो.

रात्री जेवताना मी हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, “वरचे गेले तेव्हापासून आपलंही असंच चाललंय.”

ते खरं होतं. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये सात-आठ पोरं राहायची आणि मध्यरात्री खुर्च्या ओढायची. वर्षभर आम्ही दोघांनी मिळून त्यांना शिव्या घातल्या. छताला झाडूचा दांडा आपटायला आम्ही दोघंही पलंगावर उभे राहायचो. डिसेंबरात त्यांची जागा गेली, वर शांतता झाली, आणि आमच्याकडे भांडी कुणी घासली, एसी कितीवर, आईंना फोन का केला नाही, यावरून रोज काहीतरी. चावरेपणा माझाच जास्त होता, हेही सांगून टाकते. तो गप्प बसायचा. त्याचा कोपरा म्हणजे बाल्कनी.

तेव्हा लोरेंझचं म्हणणं मला इतकं पटलं की मी ते दोन-तीन मैत्रिणींना ऐकवलंही. बाहेर एक सामाईक शत्रू हवा, मग घर टिकतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने मंडळाच्या कमिटीचं उदाहरण दिलं.

खटकलं ते कामावर. मी दाबमापकासमोर उभी होते आणि मनात आलं, लोरेंझचा राग म्हणजे आमचा पंपच की! आत दाब वाढत जातो, कुठूनतरी वाट मिळाली नाही तर फुटतो. मग आपल्या भाषेचा विचार केला. आपल्याकडे राग साठतो, साचतो, उकळतो, आपण तो गिळतो, दाबतो, कुणावर तरी काढतो. सगळी नळजोडणीच. इतकी जुनी आणि सवयीची की ही एक कल्पना आहे, वस्तुस्थिती असेलच असं नाही, हे लक्षातच येत नाही.

आमच्या वाडीत एक काका होते. दिवसभर कुणाला ब्र काढायचे नाहीत, देवळात पुढे, कुणाच्याही अडीअडचणीला हजर. रात्री बायकोला मारायचे. सकाळी विहिरीवर बायका दबक्या आवाजात म्हणायच्या, “बाहेर गप राहतो बिचारा, राग कुठेतरी निघणारच.” बिचारा! मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. त्या काकींनी कळशी उचलताना डावा हात वापरला नाही, एवढं आठवतं. लोरेंझ वाचून माना डोलावणाऱ्या आम्ही, आणि विहिरीवरच्या त्या बायका, यांत नक्की फरक काय होता?

म्हणून पुढे वाचत गेले, आणि बरं झालं वाचलं. लोरेंझच्याच संस्थेत, झेविझनला, वॉल्टर हायलिगेनबर्ग आणि लियाँग हे संशोधक टांगानिका तळ्यातल्या एका सिक्लिडवर काम करत होते. या माशाच्या वर्चस्व गाजवणाऱ्या नराच्या डोळ्यावरून खाली एक काळी पट्टी उमटते, ती त्याची धमकी. संशोधकांनी नराच्या टाकीत काही लहान मासे सोडले आणि तो त्यांना किती वेळा चावतो ते मोजलं. मग त्याला काळी पट्टी रंगवलेला नकली मासा थोडा वेळ दाखवला. लोरेंझचा पंप खरा असता तर शत्रू पाहून राग निघून जायला हवा होता आणि घरातल्या लहानग्यांची सुटका व्हायला हवी होती. झालं उलटं. नकली शत्रू काढून घेतल्यावर लहान माशांना जास्त चावे बसले, आणि तो रोज दाखवत राहिलं तर हा चावरेपणा दिवसेंदिवस चढत गेला. शत्रू दाखवल्याने भांडं रिकामं झालं नाही, आणखी भरलं.

माझ्याकडे काळी पट्टी नव्हती, आरसा होता. एका शुक्रवारी टाकीला आरसा लावला. नर स्वतःच्या प्रतिमेवर वीस मिनिटं तुटून पडला आणि मादी पहिल्यांदाच मोकळी फिरली. मला वाटलं, जिंकलं. आरसा काढला आणि मोजत बसले. पुढच्या अर्ध्या तासात तिच्यावरचे हल्ले सकाळच्या जवळजवळ दुप्पट. नवरा म्हणाला, “तुझा नमुना एक. यावर पेपर नाही निघणार.” बरोबर आहे. एकट्या जोडीत नर मादीवर उलटतो, हे निरीक्षण रासाच्या प्रयोगातही टिकलं होतं. त्याचं कारण ‘साठलेला राग’ हेच आहे, एवढं मात्र मला आता कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. (हा लोरेंझ १९३८ साली नाझी पक्षाचा सभासद झाला होता, हेही मला याच वाचनात कळलं. त्याने त्याच्या माशांच्या नोंदी खोट्या ठरत नाहीत. पण आक्रमकता उपजत आहे, तिला वाट दिली पाहिजे, असं सांगणारा माणूस कुठून आला, हे माहीत असलेलं बरं.)

शेवटी जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. चेट्टनांना फोन. त्यांनी तत्त्वज्ञान ऐकून घेतलं आणि विचारलं, “मोळे, पाणी किती बदलतेस?”

मी दर शुक्रवारी अर्धी टाकी रिकामी करून ताजं पाणी भरत होते. स्वच्छता म्हणून! आमच्या कामात स्वच्छ पाणी म्हणजे पुण्य. चेट्टन म्हणाले, एकदम एवढं कधी नाही, दहा-पंधरा टक्के पुरे. हे खाडीतले मासे, चिमूटभर मीठ टाक. आणि आत काही आहे का? काही नव्हतं. एक दगड आणि फिल्टर. मला टाकीतलं सगळं दिसायला हवं होतं ना.

आपल्याला पाणी म्हणजे पारदर्शक काहीतरी. माशांना ते रोजच्या बातम्यांसारखं असावं. उजनीच्या धरणात आपले कोळी ज्याला चिलापी म्हणतात, तो मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. त्याच्यावर पोर्तुगालमध्ये संशोधन झालं आहे. वरचढ नर मूत्र साठवून ठेवतो आणि दुसऱ्या नराशी सामना झाला की सोडतो, त्यातून समोरच्याला त्याचा दर्जा कळतो. कोण वरचढ, कुणाची जागा कुठली, कोण अंडी घालायला आलेली, यातलं पुष्कळ काही पाण्यातच लिहिलेलं. मी दर शुक्रवारी अर्धं पुसून टाकत होते आणि शनिवारी दोघांना पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागत होती. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ साली एंजलफिशवर हेच पाहिलं. एंजलफिशही सिक्लिडच. पाणी थोडं बदललं तर भांडणं कमी भडकतात. आणि अमेरिकेतल्या रोनाल्ड ओल्डफिल्डने २०११ साली मायडास सिक्लिडवर दाखवलं की टाकी थोडी मोठी करून किंवा मासे वाढवून काही होत नाही. आडोसे असलेली, खरोखर ऐसपैस जागा मिळाली तर मारामारी कमी होते.

म्हणजे नराच्या आत काय साठलंय याचा विचार करण्याऐवजी मी मादीला लपायला जागा आहे का, हे बघायला हवं होतं. एक कुंडी फोडून तिचे तुकडे आत उभे-आडवे ठेवले, एक पाणवनस्पतीचा झुबका आणला, पाणी बादलीने न बदलता तांब्याने बदलू लागले. चमत्कार झाला नाही. महिन्याभरात चावे कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत. पण ती आता कोपऱ्यात नसायची. नर आला की खापरीच्या पलीकडे जायची आणि थोड्या वेळाने स्वतःहून परत यायची. एकदा तर तिने जागा न सोडता शेपटीचा फटका परत केला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

१६ एप्रिलचा पाऊस इथल्या कुणीच विसरणार नाही. अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५० मिलिमीटरच्या वर पडला. शारजात पाणी निघायला जागाच नव्हती. आमच्या इमारतीभोवती कमरेएवढं पाणी, खालच्या गाड्या बुडालेल्या, संध्याकाळी वीज गेली. लिफ्ट बंद, नळ बंद, आम्ही नवव्या मजल्यावर. फिल्टर थांबला, म्हणजे टाकीत हवा जाणं थांबलं. अशा वेळी एकच करता येतं. तांब्याभर पाणी काढायचं आणि उंचावरून परत ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. दर दहा मिनिटांनी वीस तांबे. आम्ही पाळ्या लावल्या. दोन वाजेपर्यंत तो, मग मी.

त्याची पाळी संपली तरी तो उठला नाही. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तांब्या ओतता ओतता म्हणाला, “पुण्याहून ऑफर आहे. तीन आठवडे झाले.” मीही सांगितलं नव्हतं की माझं काँट्रॅक्ट वर्षभर वाढतंय आणि मी होकार कळवून मोकळी झालेय. दोघांनी एकमेकांना विचारलं, का नाही सांगितलंस? दोघांचं उत्तर एकच होतं: भांडण नको म्हणून. भांडणं तर रोज चालली होती, भांड्यांवरून.

त्या रात्री आम्ही खरं भांडण केलं. बराच वेळ, हळू आवाजात, कारण भिंतीपलीकडे लोक झोपले होते. मध्ये मध्ये कुणीतरी “दहा मिनिटं झाली” म्हणायचं आणि आम्ही थांबून तांबे ओतायचो. तो एकदा बाल्कनीत गेला. मी पाठोपाठ गेले नाही. तो परत आला. आता लोरेंझवाले म्हणतील, बघा, पूर हाच तुमचा सामाईक शत्रू. म्हणोत बापडे. हा प्रयोग नव्हता.

वीज तिसऱ्या दिवशी आली. दोन्ही मासे वाचले.

मे महिन्यात एका सकाळी खापरीच्या आतल्या बाजूला अंडी दिसली, बारीक देठांवर चिकटलेली. पहिली खेप बुरशीने गेली. दुसरी टिकली. या माशांचं एक विशेष आहे, ते मी नुसतं वाचलं असतं तर खरं वाटलं नसतं. पिल्लं आईबापांच्या अंगाला येऊन भिडतात आणि त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर खातात. बर्कलीच्या जॉर्ज बार्लोने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९६७ सालीच याचा अभ्यास केला होता. तीसचाळीस ठिपके एका अंगाला टोचून येतात, मग दुसऱ्या. आईचंही अंग, बापाचंही. तो, जो तिची शेपटी फाडत होता, आता काळे पर फडकावत स्थिर उभा राहतो आणि पोरांना अंग खाऊ देतो. मला तो आवडायला लागलाय असं नाही. पण बघत राहते.

नवरा ऑगस्टमध्ये पुण्याला गेला. माझं काँट्रॅक्ट पुढच्या एप्रिलपर्यंत. त्यानंतर काय, ते ठरलेलं नाही आणि ठरलेलं नाही हे दोघांनाही माहीत आहे. फ्रान्समध्ये दीजोंच्या संशोधकांनी २०१९ साली एक प्रयोग केला होता. कन्व्हिक्ट सिक्लिडच्या माद्यांना शिकवलं की एका रंगाच्या झाकणाच्या डबीत खाऊ असतो, दुसऱ्या रंगाच्या डबीत नसतो. मग मधल्याच, संदिग्ध रंगाचं झाकण समोर ठेवलं. पसंतीच्या जोडीदारापासून दूर केलेल्या माद्या ती डबी उघडायला जास्त वेळ लावत होत्या. मी हे त्याला पाठवलं. त्याने उत्तरादाखल आमच्या स्वयंपाकघरातल्या, झाकणावर काही न लिहिलेल्या डब्यांचा जुना फोटो पाठवला.

रविवारी व्हिडिओ कॉल असतो. सध्या नळाला ‘थंड’ पाणी चटका बसेल इतकं गरम येतं, इथले लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतात, तशी मीही माशांसाठी आदल्या रात्री बादली भरून ठेवते. कॉल लागला की तो आधी म्हणतो, “फोन टाकीकडे कर.” मग म्हणतो, “काही दिसत नाही, काच पुस ना.” मी पुढची काच पुसते. मागची पुसत नाही, तिथलं शेवाळ पिल्लं खरवडत असतात.